काहिलीतली चौथी जागा

मी भुतंखेतं मानत नाही. उभी हयात शाळेत विज्ञान शिकवलं, अमावास्येला मुद्दाम स्मशानाच्या वाटेनं घरी आलो, आणि अंगात आलेल्या एका बाईला भर जत्रेत तिच्या सासूनं न दिलेल्या लुगड्याबद्दल विचारून तिचं वारं जागच्या जागी उतरवलं. थोडक्यात, मी या सदरात लिहिणाऱ्यांतला नाही, या सदराची टिंगल करणाऱ्यांतला आहे. बायको होती तोवर तिला तुमचे सगळ्यांचे अनुभव मोठ्यानं वाचून दाखवायचो आणि आम्ही दोघं पोट धरून हसायचो. रागावू नका.

मग आज हे काय? तर झालं असं... माझ्या थोरल्या भावाचा पणतू चिन्मय उत्तरेत कुठंतरी कयाकिंग शिकतोय. त्यानं मोबाईलवर एक व्हिडिओ पाठवला. निमुळती रंगीत होडी, डोक्याला हेल्मेट, दोन्ही अंगांना दाट झाडी, मधून उकळल्यासारखं पांढरं पाणी, आणि त्यातून हा पठ्ठ्या वल्हं मारत चाललाय. खाली लिहिलं होतं — ‘पणजोबा, तुमच्या जमान्यात होतं का असलं काही?’

होतं रे बाबा. हेल्मेट नव्हतं, होडी नव्हती. हळद शिजवायची काहील होती. तो व्हिडिओ बघितल्यापासून मला नीट झोप नाही. नव्वदीला टेकलोय, आता लपवून तरी काय करायचंय... म्हणून लिहितोय. म्हणजे मी सांगतो आणि नात टाईप करते. शुद्धलेखनाच्या चुका तिच्या, बाकीच्या माझ्या.

आमचं गाव औंढा नागनाथच्या डोंगरात, कुरुंद्याच्या वरच्या अंगाला. नाव लिहीत नाही, तिथं अजून भावकी आहे आणि भावकी सगळं वाचते. गोष्ट निजामाच्या अमदानीतली, स्वातंत्र्याच्या दोन-तीन वर्षं आधीची. गावाच्या खालून एक नदी जाते. नदी म्हणायचं आपलं, लांबी जेमतेम दोन कोस. पुढं ती मोठ्या नदीला मिळते, म्हणून आम्ही हिला ‘धाकटी’ म्हणायचो. गाव सोडलं की ही धाकटी एका घळीत शिरते. दोन्हीकडं काळे कडे, कड्यांवर साग, धावडा, मोहाची झाडं आणि वेलींचं असं गचपण की भर दुपारी आत सावली. उन्हाळ्यात घळीतून चालत गेलं तर पायाचा तळवा ओला होत नाही. पावसाळ्यात तीच घळ अशी घोंगावायची की गावात घरात बसून ऐकू यायचं.

आणि आम्ही रिकामटेकडी पोरं त्या घळीतून काहिलीत बसून जायचो! पूर ओसरायला लागला की हाच आमचा खेळ. काहील म्हणजे हळद शिजवायची मोठी, बसकी लोखंडी कढई, दोन बाजूंना धरायला जाड कड्या. उन्हाळ्यात हळद शिजवून झाली की ती पावसाळाभर पालथी पडून असते. ती चौघांनी उचलून नदीवर न्यायची, तळाला पोतं अंथरायचं, आणि हळद उपसायचं लांब दांड्याचं लाकडी फावडं हेच वल्हं. घळीचं तोंड उघडतं तिथं लमाणांचा तांडा होता. तिथले लोक लांब बांबूला आकडा बांधून काहिलीची कडी धरायचे आणि आम्हाला काठाला ओढून घ्यायचे. मी या खेळात सगळ्यांत तरबेज होतो. ही बढाई नाही... बरं, असू द्या, बढाई आहे.

पुढचं समजायला दोन गोष्टी सांगाव्या लागतील. पहिली वजनाची. काहिलीला ना नाक ना शेपूट, ती गरगर फिरते. एकानं मागं फावडं घेऊन बसायचं आणि दुसऱ्यानं बरोबर त्याच्या समोर. दुसरा नसेल तर समोर धोंडा ठेवायचा. घळीत अवघड जागा तीन. आधी ‘दाढ’, म्हणजे मधोमध उभा दगड. मग ‘जातं’ — तिथं पाणी गोल फिरतं, काहील त्यात सापडली की जात्याच्या पाळीसारखी फिरत राहते, आणि समोरच्यानं ऐन वेळी बाहेरच्या अंगाला झुकून वजन टाकलं तरच सुटते. धोंडा झुकत नाही, म्हणून एकट्यानं जात्यात जायचं नाही असा नियमच होता. शेवटी ‘उडी’, तिथं पाणी पुरुषभर खाली पडतं.

दुसरी गोष्ट रीतीची. काहील सोडायच्या आधी काठावरचं जाणतं माणूस विचारायचं, “किती जण?” तेव्हा आत बसलेल्यांतल्या थोरल्यानं एक जास्त सांगायचा. दोघं असले तर तीन. खाली तांड्यावर कडी धरणारा पुन्हा विचारायचा, “किती उतरले?” तिथं मात्र खरा आकडा सांगायचा. वरचा जो एक, तो धाकटीचा. तो तिच्याकडं ठेवून यायचं, म्हणजे ती आपल्यातला मागत नाही. उत्तर दिलं की काहील लगेच पालथी घालायची. मी या प्रकाराला हसायचो, पण सांगायचो बरं का. सगळेच सांगायचे.

आता कौसल्या. माझ्या थोरल्या भावाची, दादाची पहिली मुलगी. सहा-सात वर्षांची, सावळी, हट्टी, आणि हळदीचं तिला विलक्षण वेड. कुठूनतरी हळकुंडाचा तुकडा पैदा करायची, दगडावर उगाळायची आणि दोन्ही हात रंगवून घ्यायची. माझी आई ओरडायची की पोरीनं रोजच लग्न लावलंय. माझ्या धोतराला तिच्या हातांचे डाग कायम असायचे, आणि मी तिला ओरडायचं नाटक करायचो.

मी सांगतोय त्या प्रसंगाच्या आदल्या पावसाळ्यात ती वहिनीबरोबर धुणं धुवायला गेली होती, घळीच्या वरच्या तोंडाशी. आमच्याकडं ऊन होतं. पाऊस वर डोंगरात पडला असावा. लोंढा आला तो एकदमच... वहिनी पिळा टाकून धावली, पण पोर ज्या दगडावर हात रंगवत बसली होती तो दगडच दिसेना. आम्ही कित्येक दिवस शोधलं. तांड्यावरचे लोक बांबू घेऊन डोहन्‌डोह ढवळत होते. काही म्हणजे काही मिळालं नाही.

त्यानंतर वहिनी रोज दिवस कलला की घळीच्या कडेला जाऊन बसायची. रडत नसे, कुणाशी बोलत नसे. दिवे लागायच्या वेळेला उठून यायची आणि भाकरी थापायला बसायची. आईनं समजावलं, आबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, रागावून पाहिलं, दादानं हात जोडले. एकदा मी न्यायला गेलो, तर म्हणाली, “एकटी हाय हो ती तिथं, भावजी. अंधाराची लई भिते.” मी तिच्या शेजारी बसून राहिलो, अंधार पडेपर्यंत.

पुढच्या वर्षीचा श्रावण. दादा सोमवारचा नागनाथाला म्हणून औंढ्याला गेला आणि पावसानं तिकडंच अडकला. झड लागली होती, सूर्य दिसत नव्हता. आणि धाकट्याला, नारायणला, उलट्या-जुलाब सुरू झाले. कौसल्येच्या पाठचा हा, नुकता चालायला लागलेला. आईनं घरातलं सगळं करून पाहिलं. सकाळी पाहिलं तर पोराचे डोळे खोल गेलेले, पोटाची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहत होती. रडायला त्याच्या डोळ्यांत पाणी नव्हतं... मांजराच्या पिल्लासारखा बारीक कण्हायचा, तेवढंच.

कुरुंद्याला त्या दिवसांत पटकीची लस टोचायला आलेले एक डॉक्टर मुक्कामाला होते. त्यांच्याकडं शिरेतून पाणी चढवायच्या बाटल्या आहेत असं ऐकलं होतं. पण गाडीवाट डोंगराला वळसा घालून जाते, वाटेत ओढ्यामागून ओढे, आणि सगळे तुडुंब. सरळ कुरुंद्याच्या अंगाला उतरत होती ती फक्त घळ. पाणी ओसरायची वाट बघितली तर पोर हाती लागणार नव्हतं. आबा ओसरीत डोकं धरून बसले होते.

वहिनी आतून आली. नारायणला तिनं फडक्यात गुंडाळून छातीशी बांधलं होतं. तिनं आबांकडं पाहिलं नाही, मला म्हणाली, “भावजी, काहील काढा.”

आम्ही खेळायचो ते ओसरत्या पाण्यात, आणि हा चढता पूर होता. आबा म्हणाले, एक त्या नदीनं नेलं, आता दोघांना पाठवू का, तिघांना पाठवू का? वहिनीनं पदर सावरला आणि म्हणाली, “मामंजी, घरात बसूनबी जायाच लागलंय ते. जाऊ द्या मला.”

नदीवर गेलो तेव्हा पाण्याचा रंग पाहून काहील उचलून आणणारे माझे दोस्तही मागं सरले. त्यांच्यातल्या कुणाला सोबत घ्यावं असा विचार आला होता, पण तीन मोठी माणसं बसली की काहिलीची कड पाण्याला टेकते. म्हणजे मी आणि वहिनी, आणि तिच्या पोटाशी लेकरू. मी तिला दहादा बजावलं — वहिनी, तुम्ही माझ्या बरोबर समोर बसायचं, हलायचं नाही, आणि जात्यात मी ओरडलो की बाहेरच्या अंगाला झुकायचं. तिनं मान हलवली. बसलीही तशीच, बरोबर समोर.

काहिलीचा दोर धरलेल्या पोरांचे हात सोलून निघत होते. आबा काठावर उभे राहिले. त्यांचा आवाज चिरकला होता, तरी रीत सोडली नाही त्यांनी. “किती जण?”

वहिनी माझ्याहून थोरली, तेव्हा उत्तर तिचं. “चार,” ती म्हणाली. आणि म्हणता म्हणताच ती समोरच्या जागेवरून एका बाजूला सरकली. रिकाम्या जागेवरचं पोतं तिनं हातानं सारखं केलं, एखाद्याला बसायला करून द्यावं तसं. मी ओरडलो, अहो काय करताय, मधे बसा, नाहीतर थांबा, धोंडा तरी ठेवू द्या. पण तोवर दोर सुटला होता. “धोंडा नगं,” एवढंच ती म्हणाली, “बराबर हाय. तुमी पान्याकडं बघा.”

बराबर काय होतं कपाळ! वजन सगळं एका अंगाला, समोर कुणी नाही. काहील पहिल्याच लाटेला गिरक्या घ्यायला लागणार आणि दाढेवर आपटणार, हे मला लख्ख दिसत होतं. घळीत शिरलो तसा उजेड गेला. वरून वेलींचं पाणी अंगावर, खालून पुराचं, आणि आवाज असा की स्वतःचा श्वास ऐकू येत नव्हता. मी फावडं घट्ट धरून दाढेची वाट बघत होतो...

काहील फिरली नाही. चिन्मयची ती होडी जाते ना नाक पुढं करून, तशी सरळ चालली. फावड्याचा मला जेमतेम दोनदा टेका द्यावा लागला आणि दाढ डाव्या हाताला हातभर अंतरानं मागं गेली. मला आनंद झाला नाही. उलट अंगावर काटा आला, कारण इतकी वर्षं मी ती काहील ओळखत होतो, आणि समोर वजन असल्याशिवाय ती अशी चालत नाही. मी समोर बघितलं. पोतं होतं, बाकी काही नाही. वहिनी पाण्याकडं बघतच नव्हती. ती त्या रिकाम्या जागेकडं बघत होती, आणि तिचा एक हात तिथं आडवा धरलेला होता, लेकरू पडू नये म्हणून आया धरतात तसा.

मग जातं आलं. ओढलं गेल्याचं कळलंच नाही, एकदम कडे फिरायला लागले. एक फेरा, दुसरा, तिसरा... पाणी कडेवरून आत येत होतं. मी जिवाच्या आकांतानं ओरडलो, “वहिनी, झुका!” पण ती झुकणार कशी? ती बसली होती भलत्या अंगाला, छातीशी पोर बांधलेलं. आणि तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की नारायणचं कण्हणं थांबलंय. मगाचपासून थांबलं असेल. मी तिला विचारलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही. मनात एकच — हे पोर इथंच, या काळोखात गेलं तर दादाला तोंड कसं दाखवू...

आणि समोरची कड बाहेरच्या अंगाला वाकली. ऐन वेळेला, नेमकी. लाटेनं काहील कशी हलते ते मला माहीत आहे, तिला धसका बसतो. हा धसका नव्हता. कुणीतरी दोन्ही हातांनी कड धरून हळूच अंग बाहेर टाकावं, तशी ती वाकली, आणि आम्ही जात्यातून सुटून धारेला लागलो. मी ते पोतं डोळ्यांनी बघत होतो. ते मधे दबलेलं होतं. तिथं कुणी बसलेलं नव्हतं आणि ते दबलेलं होतं. तुम्ही म्हणाल भीतीनं भास झाला. म्हणा. मीही स्वतःला तेच सांगत आलो.

उडीवरून खाली आलो तेव्हा पाण्याची भिंतच अंगावर कोसळली. डोळे उघडले तर काहील निम्मी भरलेली, आम्ही नखशिखांत भिजलेले. त्या गार पाण्यानं नारायण दचकला आणि रडला. कसलं रडणं ते, घोगरं, तुटकं! पण तसला गोड आवाज मी आयुष्यात पुन्हा ऐकला नाही. मी हमसून हमसून रडायला लागलो आणि वहिनी मला म्हणत होती, फावडं सोडू नका, फावडं सोडू नका.

घळीच्या तोंडाशी तांड्यावरचे धनसिंग नाईक आकडा घेऊन उभे होते. म्हातारा, पांढऱ्या मिश्यांचा, अंगानं दणकट. असल्या पुरात काहील येईल असं त्यांना वाटलं नसणार, ते वाहून येणारी लाकडं धरायला उभे होते. त्यांनी कडी धरली, काठाला ओढली. काहील पुन्हा धारेत जाऊ नये म्हणून मी फावडं वाळूत रोवून, मान खाली घालून जोर लावून बसलो होतो. त्यामुळं कोण कधी उतरलं ते मी पाहिलं नाही. त्यांचं “ये, ये, धर हात” एवढं कानावर पडत होतं. शेवटी माझा हात धरून त्यांनी मला ओढलं आणि रीतीप्रमाणं विचारलं, “किती उतरले?”

“चार,” वहिनी म्हणाली.

“चार. बराबर,” धनसिंग म्हणाले आणि काहील पालथी घालायला वाकले.

मला वाटलं वहिनी घाबरून चुकली. मीही भ्यायलेलाच होतो, मला उगाच हसू आलं. मी म्हटलं, नाईक, चार कुठले, तीन म्हणा तीन, वहिनींचं भान हरपलंय. म्हातारा माझ्याकडं बघत राहिला. मग त्यानं काठावर इकडं तिकडं पाहिलं.

“मास्तर, चेष्टा करून राहिले का? पोरगी पहिली उतरली की. म्याच हात दिला तिला.” मी तेव्हा मास्तर नव्हतो, पण शिकलेला म्हणून ते मला तसं म्हणायचे. “कुठं गेली म्हणं ती?”

आणि त्यांनी तो हात पुढं केला. तळवा पिवळा झालेला होता. आता ऐका, मी लगेच स्वतःला समजावलं की काहील हळदीची, कडीला राप असणार, तोच लागला. पण राप लागून लागून किती लागेल? घळभर पाणी खाऊन आलेली काहील ती. माझे हात तिच्या कडेला इतका वेळ लागले होते, ते पांढरेफटक होते.

वहिनीनं त्या तळव्याकडं पाहिलं. काहिलीकडं बोट करून धनसिंगांना एवढंच म्हणाली, “घाला आता खुशाल पालथी. कोनी न्हाई तिच्यात.”

पोराला गुंडाळायला काहीतरी हवं म्हणून मी पालथ्या काहिलीखालून पोतं ओढून काढलं. पोतं पिळून काढावं असं ओलं होतं. मधे एक जागा सोडून. लहान पोर मांडी घालून बसेल एवढी जागा, खडखडीत कोरडी. मी हात लावून बघितला... ऊब होती. मी ते पोतं तिथंच टाकून दिलं आणि अंगातला सदरा काढून तो ओलाच पिळून नारायणला गुंडाळला.

धनसिंगांनी गाडी जुंपली, स्वतः हाकली आणि आम्हाला कुरुंद्याला पोचवलं. डॉक्टरांनी बाटली लावली. ते म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर मी काही करू शकलो नसतो. संध्याकाळी नारायणला लघवी झाली आणि डॉक्टर हसले, तेव्हा वहिनी पहिल्यांदा भिंतीला टेकून बसली. दुसऱ्या दिवशी त्यानं दशमीचा तुकडा मागितला.

पूर ओसरल्यावर दादा आम्हाला घ्यायला आला, आणि आम्ही गाडीवाटेनं घरी गेलो. गाडीत वहिनी एका कडेला अंग चोरून बसली होती. मी म्हटलं, नीट बसा, जागा आहे. म्हणाली, मला पुरती.

त्यानंतर कितीतरी महिने माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. घरात माणसं जेवायला बसली की मी नकळत मोजायचो. मागं पावलं वाजली की वळून बघायचो नाही. रीत मोडली होती ना... नदीचा एक तिच्याकडं ठेवायचा, तो आम्ही वर आणला होता. आता ती बदल्यात कुणाला मागेल? रीतीला हसणारा मी, पण नारायणला नदीकडं जाऊ द्यायचो नाही. गेला की मागून धावायचो. काहीही झालं नाही. नारायण वाढला, शिकला, बँकेत साहेब झाला, आता निवृत्त होऊन माझ्यासारखाच चिडचिडा झालाय.

एक मात्र झालं, आणि ते सगळ्या गावानं पाहिलं. त्या दिवसानंतर वहिनी घळीच्या कडेला बसायला गेली नाही. एकदाही नाही. आई म्हणाली, लेकराच्या दुखण्यात पोरीचं दुःख मागं पडलं. सगळ्यांना ते पटलं. मलाही पटवून घ्यायचं होतं.

वहिनीला मी विचारलं ते फार उशिरा. दादा गेल्यावर. आम्ही दोघंही म्हातारे झालो होतो, ती अंगणात हळकुंडं निवडत होती. मी इकडचं तिकडचं बोलून म्हटलं, वहिनी, त्या दिवशी तांड्यावर तुम्ही घाबरून ‘चार’ म्हणालात, आठवतंय का? तीन म्हणायचं होतं.

तिनं हातातलं हळकुंड सुपात टाकलं. “चुकले न्हाई मी, भावजी,” ती म्हणाली. “चारच म्हनायचं व्हतं. वरून निघताना ठरवूनच आले व्हते. एका लेकराला घिऊन चालले, अन् दुसरीला तिथंच ठिऊ काय?”

मग विचारलं — पण वहिनी, मग ती गेली कुठं?

“जाती कुठं?” तिला माझ्या प्रश्नाचं नवल वाटलं. “घरी आली की.”

आणि ती पुन्हा निवडायला लागली. मी बसलो होतो तिथून अंगण सगळं दिसत होतं. कुणी नव्हतं. मी मात्र उठताना, का कुणास ठाऊक, पाय जपून टाकत उठलो.

वहिनी जाऊनही आता खूप वर्षं झाली. धनसिंग तर तेव्हाच म्हातारे होते. साक्षीला उरलो मी एकटा, आणि माझी बुद्धी म्हणते की प्रत्येक गोष्टीला काहीतरी कारण असणार. पुराच्या पाण्यात धार बदलते, म्हणून काहील सरळ गेली असेल. म्हाताऱ्याची नजर कमी असेल. पोत्याची घडी पडून मधली जागा कोरडी राहिली असेल. एकेक कारण वेगळं घेतलं तर चालतं. सगळी एकत्र मांडायला बसलो की जमत नाही. सत्तर वर्षं झाली, अजून जमलं नाही. तुमच्यापैकी कुणाला जमलं तर जरूर कळवा, मी टिंगल करणार नाही.

काल चिन्मयचा फोन आला होता. पुढच्या आठवड्यात ते सगळे दोस्त एका मोठ्या नदीला चाललेत, म्हणे आतापर्यंतची सगळ्यांत अवघड. मी विचारलं, किती जण आहात? म्हणाला, सहा. मी म्हटलं, पाण्यात उतरताना कुणी विचारलं तर सात सांग. तो हसला. म्हणाला, आणि बाहेर आल्यावर?

रीतीप्रमाणं ‘सहा’ ओठांवर आलं, पण वहिनीचं ‘चार’ आठवलं. शेवटी म्हटलं, बाहेर आल्यावर मला फोन कर, मी इथं बसून आहे.